मोडलेले जोडावे कसे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी ना कोणी विद्वान साहित्य, इतिहास अथवा अध्यात्म यांवर चार शब्द सांगत असतात. यंदा चिटणीसांनी ही कामगिरी आम्हांवर सोपविली आणि विषय कोणता म्हणून विचारले. आम्ही भीत भीत म्हणालो, "घरातली मोडतोड." ते हसले. आपणही आता हसलात. तथापि आमची विनंती अशी की, थोडा वेळ हा विषय हसण्यावारी नेऊ नये. मोडक्या खुर्चीपासून निघून आपल्या ज्ञातीच्या एका जुन्या दोषापर्यंत आम्हांस जावयाचे आहे, आणि ही वाट आम्ही स्वतः ठेचा खात चाललेलो आहोत.

प्रथम आमच्या हातून घडलेला एक अपराध सांगतो.

आमच्या आजोबांनी स्वहस्ते लिहिलेली कुळाची वंशावळ आमच्या घरी आहे. जाड कागदाची, लांबट वही. मूळ पुरुषापासून सात पिढ्या तीत उतरविलेल्या आहेत. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे शाईने लिहिलेली नावे सारी पुरुषांची. परंतु आजोबांच्या मनात काय आले कोण जाणे, एका पानाच्या समासात त्यांनी आपल्या तीन बहिणींची नावे पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून ठेवली होती. १९८५ साली ते पान समासापाशी फाटलेले आम्हांस दिसले. आम्ही तेव्हा तरुण शिक्षक होतो आणि आपणांस सर्व काही कळते अशी आमची समजूत होती. दुकानातून पारदर्शक चिकटपट्टी आणली आणि फाटलेल्या जागेवर पाठीपोटी चिकटवून टाकली. पाच मिनिटांत काम झाले. पान पूर्ववत दिसू लागले. आम्ही स्वतःवर खूष झालो.

तीन वर्षांपूर्वी नातीला दाखविण्यासाठी ती वही काढली. पट्टी वाळून कडक झाली होती, तिच्या कडा सुटल्या होत्या, आणि तिच्याखाली कागद मधासारखा पिवळा पडून ठिसूळ झाला होता. त्या क्षणी दुसरा उतावळेपणा केला तोही आम्हीच. अर्धवट सुटलेली ती पट्टी चिमटीत धरून ओढली. कागदाचा वरचा पापुद्रा तिच्याबरोबर निघून आला आणि त्या पापुद्र्याबरोबर समासातील पेन्सिलीची अक्षरेही गेली. पट्टी चुरगळून आम्ही केरात टाकली.

वही घेऊन आम्ही एका वृद्ध पुस्तकबांधणी कारागिराकडे गेलो. त्यांनी पान उजेडाकडे धरले, बोटाच्या पेराने हळूच चाचपले आणि म्हणाले, "मास्तर, ही पट्टी लावणाऱ्याचा हेतू चांगला असणार. पण त्यानं कागदाला विचारलं नाही." लावणारे आम्हीच, हे सांगावयास आम्हांस काही क्षण लागले. मग त्यांनी विचारले, "निघालेली पट्टी कुठं आहे? तिच्यावर अक्षरं असतील." ती दोन दिवसांपूर्वीच केरकचऱ्याच्या गाडीतून गेली होती.

आमच्या ब्याण्णव वर्षांच्या आत्याबाईंना त्या तिघींपैकी दोघींची नावे आठवली. तिसरी आत्याबाईंच्या जन्मापूर्वीच वारली होती. तिचे नाव आज या पृथ्वीतलावर कोणासही ठाऊक नाही. ते आजोबांनी जपले होते आणि आम्ही दुरुस्तीच्या नावाखाली पुसून टाकले.

ही गोष्ट सांगून आपल्या समारंभाच्या आनंदात विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या कारागिराच्या दुकानी आम्ही पुढे वारंवार जाऊन बसू लागलो, आणि तेथे जे शिकलो त्याचे सार सांगण्यापूर्वी आमचा अधिकार काय हे आपणांस कळणे इष्ट होते. आमचा अधिकार चुकलेल्या माणसाचा आहे.

तीन नियम

त्यांच्या बोलण्यातून आम्ही तीन नियम वेचले. पहिला: वस्तू कशाची आहे ते आधी ओळखावे. दुसरा: जोड मूळ वस्तूपेक्षा मऊ असावी, आणि वेळ पडल्यास मूळ वस्तूला इजा न करता ती सोडविता यावी. तिसरा: आपला हात कोठे थांबावयाचा हे ठाऊक असावे.

दुसरा नियम ऐकून आपणांस नवल वाटेल. जोड भक्कम असावी असेच आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु विचार करून पाहा. पुण्यातील जुने वाडे विटा आणि चुन्याचे. चुन्याच्या गिलाव्याला ओल आत घेण्याची व बाहेर सोडण्याची सवय असते. अशा भिंतीचा पोपडा निघाला म्हणून आपण तेथे सिमेंटचा कडक गिलावा थापला, तर ओलीस बाहेर पडावयास वाट राहत नाही. ती आतल्या आत साठते, बाजूच्या जुन्या विटांना पोखरते, आणि दोनचार पावसाळ्यांत सिमेंटचा तुकडा जुनी भिंत सोबत घेऊनच खाली येतो. दुरुस्ती बळकट ठरली, पण भिंत गेली. चुन्याच्या भिंतीस चुनाच लावावा. भिजवलेला चुना भिंतीवर वाळताना हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच्या दगडासारखा घट्ट होतो. त्यात थोडा सरस वा डिंक आणि पांढरेपणासाठी किंचित नीळ घालण्याची आपल्याकडील रीत होती. आजही ती तितकीच उपयोगी आहे.

चिकाची खळ

आता कागदाकडे वळू. त्या कारागिरांनी आमच्या वहीसाठी कोणता चिकट पदार्थ वापरला असेल? आमची अटकळ होती की एखादे परदेशी रसायन असावे. त्यांनी वाटी पुढे केली. वास ओळखीचा वाटला. "मास्तर, हा कुरडयांचा चीक," ते म्हणाले.

भगिनींनो, चीक कसा काढतात हे आपणांस आम्ही सांगावे असे नाही. पण येथील तरुण मंडळींसाठी सांगतो. गहू तीन दिवस पाण्यात भिजत घालावयाचे व रोज पाणी बदलावयाचे. मग ते वाटून कापडातून गाळावयाचे. ते दुधासारखे पाणी रात्रभर स्थिर ठेवले की तळाशी पांढरे सत्त्व बसते. वरचे पाणी हलकेच ओतून टाकावे. येथवर कुरडईची आणि कागदाच्या खळीची वाट एकच. मीठ व हिंग घालण्यापूर्वी मात्र ती दुभंगते. खळीसाठी एक भाग सत्त्व आणि चार ते पाच भाग पाणी घेऊन मंद आचेवर सतत ढवळावे. पांढरे पाणी हळूहळू दाट व काचेसारखे अर्धपारदर्शक होऊ लागले की आणखी थोडा वेळ शिजवून उतरवावे, निववावे आणि गाळून घ्यावे. जगातील मोठमोठ्या ग्रंथालयांत जुन्या कागदपत्रांच्या डागडुजीसाठी आज जी खळ वापरतात, तीही गव्हाच्या सत्त्वाचीच असते. आमच्या मातोश्री उन्हाळ्यात गच्चीवर जे करीत, ते तेथे एप्रन घातलेले तज्ज्ञ करतात. मातोश्रींस मात्र आम्ही कधी तज्ज्ञ म्हटले नाही.

या खळीचा मोठा गुण असा की ती पाण्याने पुन्हा मऊ होते. आज केलेली जोड पन्नास वर्षांनी कोणाला अधिक चांगली करावीशी वाटली, तर ओलसर टिपकागद ठेवून ती सोडविता येते. चिकटपट्टीत हा विनय नाही. ती जाताना कागदाचा पापुद्रा घेऊन जाते.

कृती अशी. पातळ पण चिवट कागदाची अरुंद पट्टी घ्यावी. ती कात्रीने न कापता, पाण्याची रेघ ओढून त्या रेघेवर हाताने फाडावी. म्हणजे कडेला तंतू मोकळे राहतात आणि ते मूळ कागदाच्या तंतूंत मिसळून जातात. खळ पट्टीस अगदी पातळ लावून ती फाटीवर ठेवावी, वरखाली टिपकागद घालावा आणि सपाट वजनाखाली रात्रभर दाबून ठेवावे. तत्पूर्वी कोपऱ्यातील एखाद्या अक्षरावर ओल्या काडीचे टोक टेकवून शाई पसरते की काय ते पाहावे. पसरत असेल तर तेथेच थांबावे आणि वही जाणत्याच्या हाती द्यावी. खळ दोन-तीन दिवसांत नासते, यास्तव थोडीच करावी. बाजारी खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने मुलांच्या हाती जाऊ देऊ नये. शिवाय त्यातील तांबे कालांतराने कागदास जाळते, म्हणून घरच्या जपण्याजोग्या कागदांस ते वर्ज्य समजावे. मुलांच्या शाळेच्या पुस्तकांवर आधी हात बसवावा. वंशावळीपासून आरंभ करू नये. आम्ही तो केला होता.

लाकूड आणि बांबू

लाकडाच्या बाबतीत हेच नियम लागू पडतात. पावसाळ्यात टेबलाचा खण अडकतो आणि आपण रागाने त्यावर रंधा फिरवून घेतो. लाकूड हवेतील ओल पिऊन फुगलेले असते, तेही तंतूंच्या आडव्या दिशेने. उन्हाळ्यात ते पुन्हा आक्रसते आणि तोच खण खुळखुळू लागतो. आषाढात रंध्यास हात लावू नये. खणाच्या कडांवर मेणबत्ती अथवा कोरडा साबण घासावा. एवढ्याने बहुधा काम भागते.

दाराच्या बिजागरीचा स्क्रू फिरतच राहतो, पकड घेत नाही. अशा वेळी भोकात गुलाचे टोक मोडलेल्या दोन-तीन आगकाड्या गोंद लावून ठोकून बसवाव्यात, वाळू द्याव्यात आणि मग स्क्रू पिळावा. त्याला पकडावयास नवे लाकूड मिळालेले असते.

खुर्चीचा पाय डुगडुगतो तेव्हा आपण सांध्यात वरून गोंद ओततो. तो टिकत नाही, कारण वाळलेल्या जुन्या गोंदावर नवा गोंद नीट धरत नाही. सांधा पूर्ण उकलून, जुना गोंद खरवडून, लाकूड उघडे करून मगच नवा लावावा. आता सांधा दाबून धरण्यास सुताराजवळ असतो तसा शिकंजा आपल्या घरी नसतो. पण सुतळी असते. खुर्चीच्या चारही पायांभोवती सुतळीचे दुहेरी वेढे घालून बांधावे, दोन पदरांमध्ये जुनी पेन्सिल खुपसून ती फिरवावी. पीळ चढतो तसतसे पाय एकमेकांकडे ओढले जातात. पीळ पुरेसा बसला की पेन्सिल आडव्या दांड्यास अडकवून ठेवावी. सायकलच्या फुटक्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवल्या तर वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तूंसही असाच दाब देता येतो. आमच्या घरी आता फुटकी ट्यूब कोणी टाकीत नाही. त्यावरून आमची थट्टा होते, तो भाग वेगळा.

येथे गोंदाविषयी एक शब्द. फेविकॉल १९५९ साली बाजारात आला आणि सुतारकामाचा कायापालट झाला, हे निर्विवाद आहे. नित्याच्या फर्निचरास तो उत्तमच. परंतु आजोबांच्या काळची घडीव खुर्ची वा देव्हारा सरसाने जोडलेला असण्याचा संभव असतो. सरस ऊब आणि ओल लागताच मऊ होतो, म्हणून पूर्वीचा सुतार असा सांधा सहज उकलून पुन्हा बसवू शके. त्या वस्तूस पुन्हा सरसच लावावा. वस्तू कशाची आहे ते आधी ओळखावे, हा पहिला नियम तो हाच.

बांबूचे सूप किंवा टोपली विरळ झाली की आमच्या आजी ती टाकीत नसत. रद्दी कागद रात्रभर भिजवून पिळीत, भिजवलेल्या मेथ्यांबरोबर उखळात कुटून त्याचा गुळगुळीत लगदा करीत, तो सुपाच्या फटींत व पाठीवर हाताने थापीत आणि कडक उन्हात वाळवीत. मेथ्या पाण्यात बुळबुळीत होतात. तोच त्यांचा गोंद, आणि त्यांच्या कडूपणाने कीड दूर राहते अशी बायकांची खात्री असे. हाच लगदा पालथ्या पातेल्यावर, आत कापड घालून, थापला तर वाळल्यावर अखंड टोपली हाती येते. म्हणजे दुरुस्तीच्या युक्तीतूनच नवी वस्तू जन्मास आली. कलेचा उगम बहुधा असाच असतो.

गरजेतून कला

गोधडीचे उदाहरण घ्या. मूळ हेतू फाटकी लुगडी व धोतरे कामी लावण्याचा. थरांवर थर घालून धावदोऱ्याने शिवले की थरांमध्ये हवा अडकून राहते. कोंडलेली हवा उष्णतेस सहज जाऊ देत नाही, म्हणून गोधडी ऊब देते. त्यातच पूर्वीच्या स्त्रीने रंगांची संगती साधली, ठिगळांचे चौकोन जुळविले, टाक्यांच्या रांगा पाण्याच्या लाटांसारख्या फिरविल्या. कोणी तिला चित्रकलेची परीक्षा द्यावयास सांगितले नव्हते. गाडगे महाराजांनी तर चिंध्यांचे वस्त्र व फुटके गाडगे हीच आपली खूण केली. लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. १९५६ साली ते निवर्तले. टाकाऊ मानलेल्या वस्तूची आणि टाकाऊ मानलेल्या माणसाची किंमत एकाच दृष्टीने ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

आमच्या आदिवासी बांधवांची वारली चित्रे पाहा. शेणमातीने वा गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि कुंचला म्हणून टोकाशी चावून मऊ केलेली बांबूची काडी. साहित्य एवढेच. लग्नाचा चौक सुवासिनी लिहीत. डहाणू भागातील जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर व कापडावर आणली, देशोदेशी नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्यांचे निधन झाले. चंडीगड येथे नेक चंद यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, मोडकी भांडी आणि दगड यांपासून एक आख्खी बाग उभी केली. १९७६ पासून ती लोकांस खुली आहे. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, रिकाम्या बाटल्या यांपासून मुलांसाठी विज्ञानाची खेळणी करून दाखविली. आगकाड्या रबरी नळीच्या तुकड्यांनी जोडल्या की त्रिकोण हलत नाही आणि चौकोन मात्र कलतो. पुलाच्या कैचीत त्रिकोण का असतात हे मुलास शब्दांवाचून कळते.

आपल्या घरीही हे सहज करता येण्याजोगे आहे. जून भेंडी आडवी कापून रंगात बुडवून कागदावर उमटविली की फुलाचा छाप मिळतो. बटाट्याच्या अर्ध्यावर नक्षी कोरून असाच ठसा होतो. तोच जुन्या चादरीवर कापडाच्या पक्क्या रंगाने उठविला तर नवा पडदा तयार. परातीतील निश्चल पाण्यावर कोळशाची बारीक पूड चाळणीतून अलगद पाडावी. पाण्याच्या पृष्ठभागावर ताण असतो, त्यामुळे ती पूड तरंगते. त्या काळ्या पटावर हलक्या हाताने रांगोळी सोडली की चित्र पाण्यावर उभे राहते. पंखा मात्र बंद असावा आणि घरातील लहान मूल निजलेले असावे, एवढी दक्षता घ्यावी.

हात कोणाचे?

आता आम्ही प्रारंभी म्हटलेल्या दोषाकडे येतो.

आमच्या लहानपणी अंगणात कल्हईवाला येई. भाता चाले, नवसागराचा धूर उठे आणि काळे पडलेले पातेले क्षणार्धात चांदीसारखे होई. आम्ही मुले डोळे विस्फारून पाहत असू. नवसागराने तांब्या-पितळेवरील मळ सुटतो, मग कथील सर्वत्र धरते, आणि कथलाच्या त्या पातळ थरामुळे चिंचेची आमटी त्या भांड्यात कळकत नाही. हे सारे शास्त्र त्या माणसाच्या मनगटात होते. त्याचा पाण्याचा पेला मात्र आमच्या घरी निराळा असे. तो कोनाड्यात पालथा ठेवलेला असे, आणि आम्ही मुलांनी त्यास शिवावयाचे नाही अशी ताकीद होती. त्याने उजळलेल्या पातेल्यात आम्ही जेवत होतो. या गोष्टीतील विसंगती आम्हांस त्या वेळी दिसली नाही. आमच्या वडीलधाऱ्यांस दिसली नाही असे म्हणून आम्ही आपली सुटका करून घेणार नाही. आम्ही शिक्षक झाल्यावरही ती आम्हांस दिसावयास पुष्कळ वर्षे लागली.

ज्ञातीच्या व्यासपीठावरून ज्ञातीचा गौरव करावा हा रिवाज आहे. तो आम्ही जाणतो. आपल्यात डॉक्टर झाले, इंजिनियर झाले, परदेशी गेले, त्यांची नावे या स्मरणिकेत दरवर्षी छापली जातात आणि ती छापली जाणे योग्यच आहे. परंतु हाताने काम करणारा तो खालचा आणि वहीत लिहिणारा तो वरचा, ही समजूत आपण शिक्षणाबरोबर अधिकच घट्ट केली. तिचा दंड दोघांनी भरला. ज्यांच्या हाती कसब होते त्यांना मान मिळाला नाही, आणि ज्यांना मान मिळाला त्यांच्या हातचे कसब गेले. घरातील स्त्रियांच्या कसबास तर आपण कसब असे नावही दिले नाही. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली, ती आम्ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहून गुण मिळविले. सुई हातात धरली नाही.

म्हणून चिकटपट्टीचा दोष केवळ चिकटपट्टीचा नव्हता. कागदाचे काम करणारा माणूस चार गल्ल्या पलीकडे बसलेला होता. त्याला विचारावे असे आम्हांस सुचलेच नाही, कारण त्यास आपल्यापेक्षा अधिक कळत असेल अशी शंकाही मनास शिवली नाही. ते नाव गेले ते त्यामुळे.

थांबावे कोठे

तिसरा नियम सांगितल्यावाचून बसणे धोक्याचे होईल. स्वतःच्या हाताने करावे याचा अर्थ सर्व काही करावे असा नव्हे. विजेची आतली जोडणी, गॅसची नळी व शेगडीचे कॉक, प्रेशर कुकरची सुरक्षा झडप, गच्चीवरील पाण्याच्या टाकीचा आधार, भिंतीतील वाढती भेग, यांस घरगुती युक्त्या लावू नयेत. कुकरच्या झडपेच्या जागी खिळा ठोकणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. खाण्याच्या भांड्यास शिशाचा डाख लावू नये. शिसे अन्नावाटे पोटात जाते आणि मुलांच्या मेंदूस विशेष अपाय करते. जेथे चूक झाली तर वस्तू बिघडेल, तेथे प्रयत्न करावा. जेथे चूक झाली तर माणूस दगावेल, तेथे जाणत्यास बोलवावे. आणि ज्या वस्तूची दुसरी प्रत जगात नाही, तिला हात लावण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी.

मंडळापुढे विनंती

अखेरीस मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आमच्या चार सूचना आहेत.

एक, मंडळाचे सभागृह महिन्यातून एक रविवार दुरुस्तीसाठी खुले ठेवावे. घरोघरची डुगडुगती खुर्ची, फाटके पुस्तक, उसवलेली पिशवी तेथे यावी, आणि मालकाने स्वतः शेजारी बसून ती नीट करावयास शिकावे. हॉलंडात ॲमस्टरडॅम शहरी २००९ साली अशा बैठका सुरू झाल्या आणि पुढे अनेक देशांत पसरल्या. आपणांस त्यांचे अनुकरण करण्याचीही गरज नाही. आजीच्या माजघरात ही बैठक रोजच भरत असे.

दोन, तेथे शिकविण्यास सुतार, शिंपी, पुस्तकबांधणी करणारे, बुरूडकाम करणारे अशा कारागिरांस गुरू म्हणून पाचारण करावे. ते कोणत्याही ज्ञातीचे असोत, त्यांना मानधन द्यावे, व्यासपीठावर बसवावे आणि आपल्या पाहुण्यांस जो चहा त्याच कपांतून त्यांस चहा द्यावा.

तीन, मुलग्यांना सुईदोरा आणि मुलींना पेचकस, हे दोन्ही हातांत द्यावेत. ज्याला स्वतःचे बटण लावता येत नाही तो पदवीधर अर्धाच शिकलेला आहे. हे आम्ही आमच्याविषयीच बोलत आहोत. बटण लावावयास आम्ही वयाच्या सत्तराव्या वर्षी शिकलो.

चार, पुढील स्मरणिकेत प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील स्त्रियांची नावे, पणजीपर्यंत जेवढी आठवतील तेवढी, लिहून पाठवावीत आणि मंडळाने ती छापावीत. ही सूचना विषयास सोडून आहे असे कोणास वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. एका फाटलेल्या पानाची ही दुरुस्ती आहे, आणि ती करावयास आत्याबाईंसारखी माणसे आज आपल्यात आहेत. उद्या असतीलच असे नाही.

त्या वृद्ध कारागिरांनी आमचे पान नीट करून दिले. जेथे अक्षरे गेली तेथे त्यांनी नवा पातळ कागद लावला आहे. आत्याबाईंनी सांगितलेली दोन नावे आमच्या नातीने त्यावर पेन्सिलीने लिहिली. तिसऱ्या नावाची जागा आम्ही कोरी ठेवली आहे. ती कशाने तरी भरून काढावी असा मोह आम्हांस झाला होता. कारागीर म्हणाले, "राहू द्या, मास्तर. कोरी जागा म्हणजे खोटी दुरुस्ती केली नाही याची खूण." आम्ही राहू दिली.

 घरी गेल्यावर एखादी मोडकी वस्तू माळ्यावरून खाली काढून ती कशाची आहे एवढे जरी पाहिलेत, तरी आजचा आमचा वेळ सत्कारणी लागला असे आम्ही समजू.